न दिसणारे ‘आहे’ असे कधी म्हणावे?

॥ राम कृष्ण हरी ॥

परमार्थात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. देव दिसत नाही, मग तो आहे असे कशावरून म्हणता? विचारणारा कधी शहरात शिकून आलेला नातू असतो, कधी शेजारी असतो, आणि कधी रात्री झोप न लागलेले आपलेच मन असते. या प्रश्नाला प्रवचनांतून एक ठरलेले उत्तर ऐकू येते. वारा दिसत नाही, तारेतली वीज दिसत नाही, तरी आपण मानतोच ना? विज्ञानसुद्धा न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवते, मग आम्हीच का ठेवू नये? श्रोते माना डोलावतात आणि प्रश्न मिटला असे वाटते.

साधकहो, हे उत्तर पुरेसे आहे का, याचा आज शांतपणे विचार करू. त्यासाठी विज्ञानातले असे एक क्षेत्र घेऊ, जिथे शोधायची वस्तू जवळजवळ कधीच डोळ्यांना दिसत नाही. आपल्या सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे दूरच्या ताऱ्यांभोवतीही फिरतात का, याचा शोध घेणारे हे शास्त्र आहे. आजवर असे ६,००० हून अधिक ग्रह निश्चित झाले आहेत. त्यांतले फारच थोडे दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसले आहेत. बाकीचे सारे न दिसताच सापडले. मग ते ‘आहेत’ असे म्हणायचे धाडस या लोकांनी कोणत्या बळावर केले? आणि ते बळ आपल्यापाशी आहे का?

आधी अडचण समजून घेऊ. ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. तो आपल्या ताऱ्याच्या प्रकाशातच थोडाफार उजळतो. आपल्याकडेच पाहिले तर गुरू ग्रहापेक्षा सूर्य सुमारे शंभर कोटी पटींनी तेजस्वी आहे, आणि पृथ्वीपेक्षा सुमारे हजार कोटी पटींनी. आता हीच जोडी इतक्या दूर नेऊन ठेवा की तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला पन्नास वर्षे लागावीत. तिथल्या ताऱ्याच्या झगमगाटात त्याला चिकटून असलेला तो अंधूक ठिपका कसा दिसणार? म्हणून शास्त्रज्ञांनी ग्रहाकडे पाहायचा हट्ट सोडला आणि ते ताऱ्याकडे पाहू लागले.

वारीच्या वाटेवर विसाव्याच्या ठिकाणी फुगड्या रंगतात. एखादे धिप्पाड आजोबा आणि त्यांची सहा-सात वर्षांची नात हात धरून फुगडी खेळताना डोळ्यांसमोर आणा. नात मोठ्या वर्तुळात गरगर फिरते. आजोबा जागेवरच उभे आहेत असे वाटते, पण नीट पाहिले तर तेही मागे रेलून एका लहानशा वर्तुळात फिरत असतात. फुगडी एकट्याने होत नाही. आता अंधार पडला आहे, नात दिसत नाही, आणि आजोबांच्या पांढऱ्या फेट्यावर तेवढा उजेड आहे असे समजा. तो फेटा ठरावीक लयीत डोलताना दिसला, की कुणीतरी हात धरलेला आहे हे कळते. एका फेरीला किती वेळ लागतो आणि फेटा किती डोलतो, यावरून हात धरणारे साधारण किती वजनाचे, हेही सांगता येते.

तारा आणि ग्रह यांचे असेच आहे. गुरू ग्रहाच्या ओढीने आपला सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने डोलतो आणि त्याची एक फेरी जवळजवळ बारा वर्षांनी पूर्ण होते. पृथ्वीच्या ओढीने तो डोलतो सेकंदाला अवघे नऊ सेंटिमीटर. रांगणारे मूलसुद्धा याहून वेगाने जाते.

हे डोलणे मोजायचे कसे? आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, आणि पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. ताऱ्याचा प्रकाश लोलकासारख्या साधनातून नेला की सप्तरंगी पट्टा होतो आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या रेषा किंचित निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. हे सरकणे अतिशय सूक्ष्म असते. वर्षानुवर्षे त्याच रेषा तपासत बसायचे, हीच ती साधना.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिये केलोझ हे दोघे दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून असे निरीक्षण करीत होते. महाश्व तारकासमूहातला ५१ पेगासी हा सूर्यासारखा तारा सुमारे पन्नास प्रकाशवर्षे दूर आहे. तो सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने डोलताना त्यांना आढळला. विचित्र गोष्ट अशी की एक फेरी अवघ्या सव्वाचार दिवसांत पुरी होत होती. हिशेबाने ग्रह निघत होता गुरूच्या निम्म्या वजनाचा. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असू शकेल असे तेव्हाच्या प्रचलित सिद्धांतांनी सांगितले नव्हते.

असा शोध हाती लागल्यावर माणूस धावत सुटेल. हे दोघे थांबले. काही महिने तो तारा सूर्याच्या बाजूला गेल्याने पाहता येणार नव्हता. त्यांनी आपल्या हिशेबावरून ठरवले की तारा पुन्हा दिसू लागेल तेव्हा अमुक रात्री तो अमुक वेगाने डोलताना सापडला पाहिजे. तसे झाले नाही तर आपले म्हणणे चुकले. १९९५ च्या जुलैत त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली. ताकडा जुळला. त्यानंतर ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतल्या फ्लोरेन्स येथील परिषदेत त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. काही दिवसांतच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी आपल्या साधनाने तोच तारा पाहिला आणि तेच डोलणे त्यांनाही आढळले. मेयर आणि केलोझ यांना या कामासाठी २०१९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यातली आणखी एक बारीक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. मार्सी आणि बटलर हेही कित्येक वर्षे असेच ग्रह शोधत होते. पण ग्रह म्हणजे गुरूसारखा, बारा वर्षांनी फेरी करणारा, ही समजूत पक्की असल्याने थोड्या दिवसांच्या फेऱ्या त्यांनी शोधल्याच नव्हत्या. फ्लोरेन्सच्या बातमीनंतर त्यांनी आपलीच जुनी टिपणे नव्या नजरेने चाळली, आणि त्यांत ग्रह निघाले. आधीपासून घरात होते, फक्त ‘असा तो नसतोच’ या समजुतीने झाकले गेले होते. देव अमुकच रूपात, अमुकच घरात भेटेल असे धरून बसणाऱ्यांची गतही याहून वेगळी नसते.

दुसरी रीत सावलीची. समईच्या ज्योतीसमोरून चिलट गेले तर उजेड थोडासा, अगदी थोडासा, कमी होतो. ग्रह आपल्या आणि ताऱ्याच्या मधून गेला की ताऱ्याचे तेज तसेच किंचित उतरते. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर शंभरातला एक भाग तेज कमी होईल, आणि पृथ्वीएवढा गेला तर सुमारे दहा हजारातला एक भाग. इंद्रायणीच्या घाटावर दहा हजार पणत्या लावाव्यात, त्यांतली एक विझावी, आणि दूर डोंगरावर बसलेल्याने ‘एक विझली’ असे सांगावे, इतके हे काम नाजूक आहे. मार्च २००९ मध्ये आकाशात सोडलेल्या केपलर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या बाजूचे दीड लाख तारे चार वर्षे टक लावून पाहिले. पुढे दिशा बदलून ती २०१८ पर्यंत काम करीत राहिली. तिच्या निरीक्षणांतून अडीच हजारांहून अधिक ग्रह निश्चित झाले.

इथेही नियम कडक. तेज एकदा उतरले म्हणून कुणी ‘ग्रह’ म्हणत नाही. निदान तीन वेळा, ठरलेल्या अंतराने, तेवढेच उतरले पाहिजे. पृथ्वीसारखा वर्षाने एक फेरी करणारा ग्रह असेल तर त्यासाठी तीन वर्षे वाट पाहायची. तीन वेळा उतरले तरी शंका सोडायची नाही. ताऱ्यावरचे काळे डाग असतील का? मागे दूरवर एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असेल का? दुर्बिणीतच काही बिघाड असेल का? ग्रहावाचून दुसऱ्या कशाने हे घडू शकेल, ते सर्व एकेक करून बाजूला काढायचे. शक्य असेल तर दुसऱ्या रीतीने साक्ष घ्यायची. आपल्या अबूच्या पहाडावर, गुरुशिखर येथे, अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथल्या प्रकाश तपासणाऱ्या साधनाचे नाव ‘पारस’, म्हणजे आपला परीस. एका ताऱ्याचे तेज साडेएकोणीस दिवसांनी उतरते हे केपलरने पाहिले होते. गुरुशिखरावरच्या मंडळींनी त्याच ताऱ्याचे डोलणे मोजले, आणि तिथे पृथ्वीच्या सुमारे सत्तावीस पट वजनाचा ग्रह आहे हे २०१८ मध्ये सांगितले. एकाने सावली पाहिली, दुसऱ्याने ओढ मोजली, आणि दोन्ही साक्षी जुळल्या.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. हे सारे ‘न दिसणाऱ्यावर विश्वास’ आहे का? आपल्याकडच्या शास्त्रांत ज्ञानाच्या साधनांना प्रमाणे म्हणतात. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असे जाणले, ते अनुमान. विश्वासू माणसाने सांगितले, ते शब्द. दूरचे ग्रह अनुमानाने कळले. पण आपल्या नैयायिकांनीच एक इशारा देऊन ठेवला आहे. दुरून धुके किंवा धूळ पाहिली आणि तो धूर समजला, तर अनुमान फसते. खोट्या खुणेवर उभा असलेला निष्कर्ष कितीही मोठ्याने सांगितला तरी खरा होत नाही. म्हणून अनुमान करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे आपण पाहिला तो धूरच होता ना, हे तपासणे. या तपासणीत माणसाची खरी कसोटी लागते. याच शास्त्राच्या इतिहासातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली १८५५ ची. मद्रास वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन विल्यम जेकब यांनी भुजंगधारी तारकासमूहातल्या एका जोडताऱ्याच्या हालचालीत थोडी अनियमितता पाहिली आणि तिथे ग्रहासारखी वस्तू असावी असे मांडले. दूरच्या ताऱ्याच्या डोलण्यावरून ग्रह सांगण्याचा हा फार जुना प्रयत्न, आणि तो आपल्या देशातून झाला. पुढच्या निरीक्षणांत तो टिकला नाही. जेकब १८६२ मध्ये नवी वेधशाळा उभारण्याच्या कामी पुन्हा आपल्याकडे आले आणि पुण्यात पोहोचून थोड्याच दिवसांत वारले. त्यांचा ग्रह खोटा ठरला, त्यांची वाट मात्र खरी ठरली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेचे पीटर व्हॅन डी कँप यांची. सहा प्रकाशवर्षांवरचा बर्नार्डचा तारा त्यांनी १९३८ पासून चिकाटीने पाहिला. छायाचित्रांच्या काचा मोजून मोजून त्यांनी १९६३ मध्ये जाहीर केले की या ताऱ्याभोवती गुरूसारखा ग्रह आहे. पुस्तकांतून ते छापले गेले. मग १९७३ मध्ये दुसऱ्या दोघांनी वेगळ्या दुर्बिणींच्या काचा मोजल्या, आणि त्यांना डोलणे दिसेना. त्यांच्याच वेधशाळेतल्या एका सहकाऱ्याने दाखवले की दुर्बिणीच्या भिंगाची दुरुस्ती झाली त्या सुमारास त्या दुर्बिणीतले इतरही तारे तसेच सरकलेले दिसतात. तारा हलला नव्हता, पाहण्याचे साधन हलले होते. व्हॅन डी कँप मोठे कष्टाळू आणि सज्जन शास्त्रज्ञ होते, पण त्यांना हे शेवटपर्यंत पटले नाही. १९९५ मध्ये, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या खऱ्या ग्रहाची बातमी आली त्याच वर्षी, ते गेले. पुढे २०२४ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने त्याच बर्नार्डच्या ताऱ्याभोवती तीन दिवसांत फेरी करणारा, पृथ्वीहून हलका असा ग्रह खरोखर शोधला. मग व्हॅन डी कँप खरे ठरले का? नाही. त्यांनी सांगितलेला ग्रह तो हा नव्हे. आणि चुकीच्या खुणेवरून सांगितलेली गोष्ट योगायोगाने खरी निघाली, तरी सांगणाऱ्याला ते कळले होते असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. मेलेल्या महाताऱ्याचा अवशेष कधीकधी स्वतःभोवती फिरत घड्याळाच्या ठोक्यांसारखे नियमित रेडिओ-स्पंद पाठवतो. ठोके मागेपुढे होऊ लागले तर कुणीतरी त्याला ओढते आहे असे समजायचे. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेचे अँड्र्यू लाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ च्या जुलैत जाहीर केले की अशा एका स्पंदकाभोवती सहा महिन्यांत फेरी करणारा ग्रह आहे. जगभर बातमी झाली. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथील खगोलशास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत लाइन यांना या ग्रहावर बोलायचे आमंत्रण होते. सभेच्या थोडेच दिवस आधी हिशेब पुन्हा तपासताना त्यांच्या लक्षात आले की त्या स्पंदकाची आकाशातली जागा किंचित चुकीची धरली होती, आणि पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्याची वजाबाकी नीट झालीच नव्हती. ज्याला ते दूरचा ग्रह समजत होते, ते आपल्याच पृथ्वीचे फिरणे होते.

लाइन सभेला गेले. व्यासपीठावर उभे राहून त्यांनी सांगितले की तो ग्रह नाही, आणि आमची चूक कशी झाली तेही उलगडून सांगितले. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच सभेत पोलंडचे अलेक्झांडर वोल्श्चान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवती सापडलेले दोन ग्रह मांडले. पृथ्वीच्या हालचालीचा हिशेब त्यांनी काटेकोर केला होता. ते ग्रह आजही टिकून आहेत. ग्रह नाकारणारा आणि ग्रह सांगणारा एकाच सभेत बोलले, आणि ऐकणाऱ्यांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला, याचे एक कारण पहिल्याचा प्रामाणिकपणा हेही असले पाहिजे. जिथे ‘नाही’ म्हणता येते, तिथेच ‘आहे’ या शब्दाला किंमत राहते.

आता ते ठरलेले उत्तर पुन्हा आठवा. विज्ञानही न दिसणारे मानते, मग आम्ही का मानू नये? माझे नम्र म्हणणे असे की हे उत्तर आपण देऊ नये. त्यात विज्ञानाची मेहनत आपण फुकट उसनी घेतो. ‘अमुक रात्री तारा असा डोलला नाही तर आम्ही चुकलो’ असे ते आधी लिहून ठेवतात. आपण असे काय लिहून ठेवले आहे? आपल्या भक्तीचे म्हणणे कशाने खोटे ठरेल, हे सांगायची आपली तयारी आहे का?

हाच मोह दुसऱ्या रूपानेही येतो. परग्रहांची बातमी आली की कुणीतरी म्हणते, हे आमच्या ग्रंथांत आधीच होते, देवाला आम्ही अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हणतच होतो. खरे आहे, म्हणत होतो. पण ते शब्द देवाच्या थोरवीपुढे नमलेल्या मनाचे होते. ५१ पेगासीभोवती सव्वाचार दिवसांनी फिरणारा ग्रह त्यातून कुणी काढला नव्हता. दुसऱ्याच्या रात्रींच्या जागरणावर आपले नाव घालणे ही चोरीच आहे, मग ती देवाच्या नावाने का असेना. संतांची थोरवी उसन्या दाखल्यांवर उभी नाही. ज्ञानोबा माऊलींनी अमृतानुभवात शब्दाच्या मर्यादेची चिकित्सा करायला शब्दखंडनाचे वेगळे प्रकरण घातले. केवळ कुणा थोराने सांगितले म्हणून आपण हे सिद्ध मानतो असे नव्हे, ही त्यांची भूमिका त्या ग्रंथात स्पष्ट आहे. आणि तुकोबांनी तर नुसत्या वेषाच्या आणि नुसत्या बोलण्याच्या परमार्थाला कधीच क्षमा केली नाही.

मग वारकऱ्याने परीक्षा कशाची द्यायची? पांडुरंग आहे की नाही याचे माप घ्यायला आपल्याजवळ दुर्बीण नाही, आणि विटेवरच्या सावळ्या रूपापुढे उभा राहिलेला भाविक माप घ्यायला उभा राहिलेला नसतो. मोजता येते ते आपले स्वतःचे डोलणे. ‘विठ्ठल माझ्या हृदयात आहे’ असे मी म्हणतो. ठीक आहे. ग्रह दिसत नाही, पण त्याच्या ओढीने तारा हलतो. मग त्या हृदयस्थाच्या ओढीने माझे जगणे कुठे हलले आहे? आषाढीहून परतलेला माणूस पेरणीला नांगर धरतो तेव्हा शेजाऱ्याचा बांध कोरतो की सोडतो? दुकानात बसला की तराजू सरळ धरतो का? मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत देतो का? एकादशीच्या दिवशी फराळाचे ताट त्याच्यापुढे येते, तेव्हा चुलीपाशी राबणारी सून जेवली का, हे त्याला सुचते का? ही डोलणी बाहेरून दिसतात. शेजाऱ्याला दिसतात, सुनेला दिसतात.

आणि इथे शास्त्रज्ञांचे तिन्ही नियम आपल्याला लावून घेता येतील. पहिला, पुन्हा पुन्हा घडण्याचा. एखाद्या कीर्तनात डोळे भरून आले, अंगावर काटा आला, हे चांगलेच आहे, पण ते एकदा उतरलेले तेज आहे. गळ्यातली माळ, नित्याचा हरिपाठ, वर्षाची वारी हे सारे नियम याचसाठी आहेत की भाव ठरलेल्या लयीने परत येतो का हे कळावे. दुसरा नियम, इतर कारणे बाजूला काढण्याचा. मी पुढे होऊन वीणा घेतो तो देवाच्या ओढीने, की चारचौघांत दिसावे म्हणून? अन्नदान केले ते भुकेल्यासाठी, की फलकावरच्या नावासाठी? ताऱ्यावरचे डाग ग्रहाचे सोंग घेतात तसा अहंकार भक्तीचे सोंग हुबेहूब घेतो. तिसरा नियम, दुसऱ्याच्या साक्षीचा. आपल्या भक्तीचे प्रमाणपत्र आपल्या हाताने लिहिता येत नाही. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला विचारावे की मी वारीला लागल्यापासून तुझे जगणे थोडे तरी हलके झाले का?

लाइन यांच्या गोष्टीतली धडकी भरवणारी जागा हीच. दूर काहीतरी हलताना दिसले, आणि हलत होतो आपणच. ‘मला दर्शन झाले’, ‘मला आदेश झाला’ असे सांगणारे पुष्कळ असतात, आणि ते सगळे खोटे बोलत असतात असेही नाही. त्यांना काहीतरी दिसलेले असते. पण ते देवाचे येणे होते, की आपल्याच इच्छेचे, भीतीचे, मानाच्या भुकेचे फिरणे होते, याची वजाबाकी राहून गेलेली असते. अशा माणसाच्या शब्दावर लोक जमीन विकतात, औषध सोडतात, लेकीबाळींचे लग्न मोडतात. म्हणून न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे हा लहान दोष नाही. आणि उमगल्यावर ‘ते तसे नव्हते’ असे त्याच माणसांपुढे उभे राहून सांगणे, हे कोणत्याही सिद्धीहून मोठे आहे. आपल्या फडावर, आपल्या मंडळात कुणी असे सांगितले तर आपण काय करू? त्याची टिंगल करू, की अटलांटाच्या सभेसारखे उभे राहू? ज्या समाजात चूक कबूल करणाऱ्याची लाज काढली जाते, तिथे कुणी चूक कबूल करीत नाही, आणि मग खोटे ग्रह वाढत जातात.

या तुलनेला एक मर्यादाही आहे. सावलीच्या रीतीने शोधताना ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत आली तरच तो सापडतो. सूर्य-पृथ्वीसारखी जोडी असेल तर असे जुळण्याची शक्यता दोनशेत एक. बाकीच्या तारकांभोवतीही ग्रह असतील, पण त्यांची सावली आपल्यावर पडत नाही. म्हणून कुठलाही जाणता शास्त्रज्ञ ‘सावली नाही म्हणजे ग्रह नाही’ असे म्हणत नाही. हा नियम दुसऱ्यांविषयी बोलताना आपण लावावा. ज्याच्या गळ्यात माळ दिसत नाही, ज्याला पंढरी घडली नाही, त्याच्या अंतरात काय फिरते आहे हे आपल्याला कळत नाही. स्वतःविषयी म्हणणे मांडताना पुरावा मागावा, आणि दुसऱ्याविषयी ‘याच्यात देव नाही’ म्हणताना तोंड आवरावे. आपण बहुधा नेमके उलटे करतो.

शेवटी, काही थोडे ग्रह प्रत्यक्ष दिसले आहेत, त्यांची रीत सांगून थांबतो. २००८ मध्ये हवाई बेटावरच्या मोठ्या दुर्बिणींतून एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह चित्रात उमटले आणि पुढे चौथाही दिसला. त्यासाठी ताऱ्याचे स्वतःचे तेज चित्रातून काढून टाकावे लागले. तो झगमगाट बाजूला सारला, तेव्हा त्याच्या भोवती शांतपणे फिरणारे ठिपके दिसले. ते आधीपासून तिथेच होते. ‘मी’पणाचे तेज असेच झाकता आले तर काय दिसेल, ते संत सांगून गेले आहेत. त्यांच्या शब्दावर विश्वास जरूर ठेवावा. पण मला दिसले असे म्हणण्याआधी मात्र मेयर आणि केलोझ थांबले तसे थांबावे, आणि तोवर ठरल्या वेळी वाट चालत राहावे.

॥ राम कृष्ण हरी ॥